सातशे सत्त्याहत्तर

८ जुलै २०२४, सोमवार

वाचनालयाचा संगणक शनिवारी दुकानातून परत आला. जुनी हार्ड डिस्क खडखड करू लागली होती; तिच्या जागी एसएसडी बसली, आतलं सगळं तिच्यावर उतरवून मिळालं. मशीन झटकन सुरू होतं म्हणून ग्रंथपालबाई खुशीत आहेत. मी सकाळी आल्या आल्या बॅकअपचा लॉग पाहिला. शनिवारी रात्री बॅकअप झालेला नाही, रविवारीही नाही.

आमचा बॅकअप संस्थेच्या दुसऱ्या इमारतीतल्या जुन्या मशीनवर एसएसएचने जातो. लॉगमध्ये लिहिलं होतं की प्रायव्हेट कीच्या फाइलच्या परमिशन्स ०७७७ आहेत, त्या फार मोकळ्या आहेत, सबब ही की वापरली जाणार नाही. एसएसएचचा हा बाणा मला फार आवडतो. जी की मशीनवरचा कुणीही वाचू शकतो ती गुपित उरलेली नाही, असं धरून तो तिथेच थांबतो.

टर्मिनल उघडून ‘एलएस -एल’ दिलं. दाखल नोंदवहीच्या फाइलपुढे आरडब्ल्यूएक्स तीनदा. सभासदांच्या यादीपुढे तेच. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफपुढेही तेच. पीडीएफला चालवण्याची परवानगी कशाला लागते? मग ईटीसी फोल्डरात शिरलो, तिथेही सगळीकडे तीच नऊ अक्षरं. पोटात गोळाच आला. सुडो देऊन पाहिलं तर उत्तर मिळालं: सुडोची मालकी रूटकडे हवी आणि त्यावर सेटयूआयडी बिट हवा. म्हणजे फक्त आमच्या फोल्डरांना नाही, मुळापासून सगळ्याला हात लागला आहे.

हेच मशीन दुपारी वाचनकक्षात वाचकांना वापरायला असतं, ‘वाचक’ नावाच्या वेगळ्या खात्यावर. त्या खात्यातून लॉगिन केलं आणि सभासदांची यादी उघडायला गेलो. उघडली. नाव, पत्ता, फोन, अनामत, वर्गणी, सगळं समोर. एका रकान्यात एक टिंब टाकून सेव्ह केलं, सेव्ह झालं. टिंब काढलं, नेटवर्कची वायर काढली, आणि ‘वाचकांसाठी संगणक बंद’ अशी पाटी लावायला बाईंना सांगितलं.

९ जुलै

दुकानात फोन केला. माणूस सरळ आहे, काही लपवलं नाही. जुन्या डिस्कचं क्लोनिंग बहुतेक नीट झालं, पण दोन फोल्डर खराब सेक्टरमुळे अडले. ते त्यांनी वेगळे काढले, रूट होऊन काढले, त्यामुळे त्या फाइलींची मालकी रूटच्या नावावर गेली. बाईंच्या खात्यातून त्या उघडेनात, ‘परमिशन डिनाइड’. तेव्हा ‘सीएचमॉड ७७७’ चालवलं, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, आणि सुरुवात दिली ती थेट मुळाच्या स्लॅशपासून. “आता कुठलीच फाइल अडणार नाही,” असं ते मला समजावत होते.

अडचण मालकीची होती. दोन फोल्डरांवर ‘सीएचओन’ चालवून ती बाईंच्या नावावर परत केली असती तर मिनिटभरात काम झालं असतं. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि उरलेले सगळे, अशा तिघांचे हक्क वेगवेगळे लिहिलेले असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. सगळे मिळून ७. ६४० म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, गट नुसता वाचेल, बाकीच्यांना काही नाही. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही. ही पद्धत जुनी आहे. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलातही सीएचमॉड आणि सीएचओन ह्या दोन्ही आज्ञा आहेत. (गट ही मधली पायरी पुढे आली.) पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेली गोष्ट एका आज्ञेत पुसली जाते, कारण ७७७ टाकलं की एरर दिसेनाशी होते. एरर गेली की दुरुस्ती झाली असं मानणं मला मान्य नाही. ‘परमिशन डिनाइड’ हे पुष्कळदा बरोबर उत्तर असतं.

१० जुलै

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि आतली डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली. आधी बघायचं, मग हात लावायचा.

सेटयूआयडी बिट असलेल्या फाइली शोधायला ‘फाइंड’ला ‘-पर्म -४०००’ देतात. धडधाकट मशीनवर सुडो, एसयू, पासडब्ल्यूडी, माउंट अशी आठ-दहा नावं तरी येतात. इथे एकही नाव आलं नाही. नुसता प्रॉम्प्ट परत आला.

हा बिट म्हणजे काय, ते उद्या बाईंना सांगायचं म्हणून इथे मांडून ठेवतो. साध्या खात्यावरच्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता आला पाहिजे. पण पासवर्ड ठेवलेली शॅडो फाइल त्याला उघडता येता कामा नये. मग पासडब्ल्यूडी हा प्रोग्राम, चालवणारा कुणीही असो, चालताना मालकाचे म्हणजे रूटचे हक्क घेतो आणि तेवढं एकच काम करून संपतो. बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांना सुचलेली ही युक्ती, तिचं अमेरिकी पेटंट १९७९ साली त्यांच्या नावावर झालं. सगळा अधिकार न देता अधिकारातलं एक काम करू द्यायचं, ह्याची इतकी नेटकी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. सीएचमॉड ७७७ आकड्यात दिलं की फाइलींवरचा हा बिट मुकाट्याने उतरतो. म्हणून एकीकडे सगळं मोकळं आणि दुसरीकडे सुडो लंगडा, असं उलटसुलट चित्र दिसत होतं.

शॅडो फाइल एरवी ६४० असते, आता तीही ७७७. आत पासवर्डांचे हॅश असतात. वाचनकक्षातल्या कुणाला जरा माहिती असती तर रूटचा हॅश खोडून स्वतःचा लिहिता आला असता. पाटी लावली ते बरं झालं.

१२ जुलै

दुरुस्त करायचं की नवं बसवायचं, ह्यावर दोन दिवस घालवले.

पुण्यात सदाशिव पेठेत डीटीपीच्या कामावर होतो तेव्हाचे मॅक आठवले. मॅक ओएस एक्सच्या डिस्क युटिलिटीत ‘रिपेअर डिस्क परमिशन्स’ असं बटण असायचं. क्वार्क अडलं, फॉन्ट दिसेना, प्रिंटर रुसला, की आधी ते बटण दाबायचं, अशी सगळ्या ऑपरेटरांची सवय. पट्टी हळूहळू सरकायची, खाली ओळी उमटत जायच्या: इथे अमुक हवं होतं, तमुक सापडलं. ते बटण काय करायचं? ॲपलची पॅकेजं बसवताना डिस्कवर पावत्या राहायच्या. कुठली फाइल, कुणाची, कोणत्या हक्कांची, ही यादी त्या पावतीत असायची. तिच्याशी ताडून सिस्टिमच्या फाइली जागेवर आणायच्या, एवढंच. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरला ते कधीच शिवत नसे. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये ते बटण गेलं, कारण सिस्टिमच्या फाइलींना खुद्द रूटनेही हात लावू नये असा बंदोबस्त ॲपलने आतूनच केला.

फेडोरासारख्या आरपीएमवाल्या लिनक्सांत आजही तसं करता येतं. आरपीएमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलचे हक्क नोंदलेले असतात. आधी ‘सेटयूजीआयडीज’, मग ‘सेटपर्म्स’. हा क्रम पाळायचाच, कारण मालकी बदलली की सेटयूआयडी बिट उतरतो. परमिशन्स आधी लावल्या तर ते काम वाया जातं.

आमच्याकडे उबुंटू आहे, म्हणजे डेबियनची वाट. डीपीकेजीच्या डेटाबेसमध्ये हक्कांची नोंद नाही, ती पॅकेजच्या आत आहे. सगळी पॅकेजं पुन्हा बसवली तर प्रोग्राम सुधारतील. पण आधीपासून असलेल्या फोल्डरचे हक्क डीपीकेजी बदलत नाही, आणि ईटीसीतल्या कॉन्फिगरेशन फाइलींना जुन्याच फाइलचे हक्क चढवतो. म्हणजे नेमकी दुखरी जागा तशीच राहणार. शुद्ध मशीनवरून यादी आणून इथे लावता येईल, ती वाट मोकळी आहे. पण पाटी लागेपर्यंत सगळं उघडं होतं. त्यात कुणी काय लिहून ठेवलं ते यादीतून कळणार नाही. नवं बसवायचं ठरवलं. सिस्टिम कुठूनही परत मिळते. आमच्या फाइलींवर कुणाचा काय हक्क होता, हे मात्र जगातल्या कुठल्याच पॅकेजात लिहिलेलं नाही.

१३ जुलै, शनिवार

डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला. ती डिस्क आधी ईएक्सटी४ करून घेतली. वाचनालयातला नेहमीचा पेन ड्राइव्ह एफएटी३२ आहे. त्यावर मालक, गट, हक्क ह्यांतलं काहीच लिहून ठेवायची जागा नाही, तिथून परत येताना सगळं एकाच साच्याचं होऊन येतं.

उबुंटू २४.०४ बसवलं, पूर्ण डिस्क एनक्रिप्ट करून. पासफ्रेज बाईंकडे, आणि एक बंद पाकिटात कपाटात.

२१.०४ पासून उबुंटूत नवं होम फोल्डर ७५० असतं, आधी ७५५ असे. स्कॅनचं फोल्डर आजवर बाईंच्या होममध्ये होतं आणि वाचक खात्याला ते दिसायचं. आता दिसणार नाही, आणि ते योग्यच आहे. सगळ्यांच्या कामाच्या गोष्टी कुणा एकाच्या घरात ठेवायच्या नाहीत. एसआरव्हीखाली नवे फोल्डर केले: दाखल, सभासद, देवघेव, स्कॅन.

१५ जुलै

आज संगणकाला हात लावला नाही. कागद घेऊन बसलो. बाई, देवघेवीवरचे काका आणि स्कॅनिंगला येणारी मुलगी, तिघांना विचारलं: कोण काय बघतं, कोण काय बदलतं?

दाखल नोंदवहीचं लवकर ठरलं. दाखल क्रमांक एकदा दिला की दिला. पुस्तक बाद झालं तरी ओळ खोडायची नाही, शेऱ्यात लिहायचं. म्हणून लिहिणार फक्त बाई. काका म्हणाले, “मला नुसती बघायला मिळाली तरी चालेल, बाई. पण बघायला मिळायलाच हवी. वाचक समोर उभा असतो.” सभासदांची यादी दोघांनीही लिहायची. स्कॅनिंगच्या मुलीला ती नको, तिने स्वतःच सांगितलं, “मला ती दिसायचीही गरज नाही.”

देवघेवीपाशी खोळंबलो. कार्यवाहांनी मागे ‘सगळं बघता आलं पाहिजे’ असं सांगून ठेवलं आहे. पदाने ते मोठे आहेत, हिशेब त्यांच्या सहीने जातात. पण कोण कुठलं पुस्तक घरी नेतो ही वेगळी गोष्ट आहे. आजाराविषयीची पुस्तकं नेणारा, कायद्याची नेणारी, वयात आलेलं पोर, ह्यांच्यापैकी प्रत्येकजण आमच्यावर विश्वास टाकून नाव लिहितो. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वर्गणीचा तक्ता त्यांना द्या. देवघेव नाही. मी सांगते त्यांना.” ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचा दाखला देता आला असता, बाईंना तो लागला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तसं सांगितलंही.

१७ जुलै

आषाढी, मोहरमचीही सुट्टी. वाचनालय बंद, काम निवांत झालं.

गट केले आणि माणसं त्यांत घातली. फाइली आणि फोल्डर वेगवेगळे हाताळले, कारण फोल्डरवरचा एक्स म्हणजे आत शिरण्याचा हक्क. तो काढला तर फोल्डर बंद पडतो. सीएचमॉडमध्ये ह्यासाठी कॅपिटल एक्सची सोय आहे: फोल्डरना द्या, आणि ज्या फाइलींना तो आधीपासून आहे त्यांना राहू द्या. पण सातशे सत्त्याहत्तरानंतर झाडून सगळ्या फाइलींना तो आहेच, त्यामुळे इथे ती सोय फसवी. फाइंडनेच केलं. दाखलमध्ये फोल्डर २७५०, फाइली ६४०. सभासद आणि देवघेव २७७०, फाइली ६६०. पुढचा २ सेटजीआयडीचा. आत नवी फाइल केली की तिचा गट फोल्डरचाच राहतो. नव्या फाइलीवर गटाला लिहिताही यावं म्हणून डीफॉल्ट एसीएल लावली. वर्गणीचा तक्ता वेगळ्या फोल्डरात, कार्यवाहांच्या खात्याला वाचण्यापुरता.

वाचक खात्याला एक स्कॅन उघडेना. फाइल ६६४, म्हणजे ठीक. ‘नेमआय -एल’ला पूर्ण वाट दिली. ही आज्ञा मुळापासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी आणि तिचे हक्क एकाखाली एक मांडते. मधलं वर्षाचं फोल्डर ७०० निघालं. फाइल कितीही मोकळी असली तरी वाटेतली एक पायरी बंद असेल तर तिथवर पोचता येत नाही, आणि एररमध्ये नाव मात्र फाइलचंच येतं. शंभरातल्या नव्वद जणांचा वेळ ह्या एकाच गोष्टीत जात असावा असं मला वाटतं.

१८ जुलै

स्कॅनिंगच्या मुलीने विचारलं, “पूर्ण झालेल्या अंकाची फाइल मी रीड-ओन्ली करते. मग ती कुणी उडवू शकत नाही ना, दादा?”

तिला तिच्याच हाताने एक रिकामी फाइल करायला लावली, ४४४. मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलाच्या खात्यातून ती डिलीट केली. गेली. तिला धक्काच बसला. काका बाजूला उभे होते, म्हणून दाखल नोंदवहीचं उदाहरण दिलं. फोल्डर म्हणजे नावांची वही; कुठलं नाव कुठल्या मजकुराला लागू, एवढंच तिच्यात लिहिलेलं. पुस्तकाची पानं शिवून बंद केली तरी वही ज्याच्या हातात आहे तो त्यातली ओळ खोडू शकतो. फाइलवरचा हक्क मजकुराचा, ओळ खोडण्याचा हक्क फोल्डरचा. काका लगेच म्हणाले, “मग वहीला कुलूप घाला.”

तेच केलं. स्कॅनचं फोल्डर ३७७५: गटातले सगळे आत फाइली करतील, पण स्टिकी बिटमुळे खोडणार ज्याची त्याची. टेम्प फोल्डर १७७७ असतं ते ह्याचसाठी. पूर्ण झालेले अंक मात्र बाईंच्या मालकीच्या वेगळ्या फोल्डरात जातील, तिथे मुलांना फक्त वाचन.

२१ जुलै, रविवार

शुक्रवारपासून बातम्यांत एकच विषय. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो प्रोग्राम अगदी गाभ्यात, कर्नलच्या हक्कांनी चालतो, म्हणून एक बिघडलेली फाइल अख्खं मशीन घेऊन बसली. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची. पण बिटलॉकरने बंद केलेल्या मशीनवर आधी रिकव्हरी की लागते, आणि ती शोधण्यातच अनेकांचे तास गेले. बाईंना फोन केला: पाकीट कुठल्या कप्प्यात आहे ते अजून एका माणसाला माहीत असू द्या.

२३ जुलै

मुलगी डेस्कटॉपवर स्कॅन करून मग कट-पेस्टने फोल्डरात टाकते. कॉपी केली तर नवी फाइल जन्मते आणि फोल्डरचा गट घेते. त्याच डिस्कवर हलवली तर जुनी फाइल जुन्या हक्कांसकट तिथे जाऊन बसते. त्यामुळे तिने टाकलेल्या अंकांची नावं त्या मुलाला दुरुस्त करता येत होती पण मजकूर बदलता येत नव्हता, असं तो सांगत आला. स्टिकी बिटनंतर नावंही बदलेनात. स्कॅनरच्या प्रोग्रामला थेट त्या फोल्डरात सेव्ह करायला सांगितलं.

२६ जुलै

‘गेटफॅकल -आर’ने चारही फोल्डरांचे सगळे मालक, गट आणि हक्क एका फाइलीत उतरवून घेतले. उद्या पुन्हा कुणी सगळं मोकळं केलं तर ‘सेटफॅकल’ला ‘रिस्टोअर’ सांगून ही फाइल द्यायची, हक्क जागच्या जागी येतील. फाइल बॅकअपमध्ये जाते आहे. शिवाय १५ तारखेचा कागद बाईंनी स्वच्छ लिहून, तारीख घालून, सही करून फाइलला लावला. मला त्या कागदाचं मोल जास्त वाटतं. संगणकातल्या फाइलीत आकडे आहेत, कागदावर ते का आहेत हे आहे.

संध्याकाळी वाचक खात्यातून एकेक करून तपासलं. सभासद: नकार. देवघेव: नकार. दाखल: नकार. स्कॅन: उघडतो, लिहिता येत नाही. वाचकांसाठी मशीन सोमवारपासून सुरू.

२७ जुलै, शनिवार

एक गोष्ट राहून गेली होती. जुनी डिस्क दुकानातच होती.

हे सगळे हक्क पाळतो तो चालू असलेला कर्नल. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की तिथला रूट सगळं वाचतो. ६४० काय आणि ६०० काय. नव्या एसएसडीवर एनक्रिप्शन आहे, जुन्या डिस्कवर नव्हतं, आणि तिच्यावर आमच्या सभासदांची सगळी यादी आहे. खराब सेक्टर असले तरी दुकानात तिच्यातलं जवळजवळ सगळं वाचता आलं होतं.

सकाळीच जाऊन ती आणली. दुकानदाराला दाखल नोंदवहीचं, कार्यवाहांचं, सगळं सविस्तर सांगितलं. पुढच्या वेळी मालकी बघेन, म्हणाले. डिस्क तोडून टाकायची आहे, पण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहे, त्यामुळे निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय तोडता येणार नाही. ऑगस्टच्या सभेत विषय ठेवायला बाईंनी लिहून घेतला. तोवर ती पाकिटाच्या कपाटात, कुलपात.